‘कॉमन’ म्हणजे गायरान का? एका इंग्रजी गावाचे शब्द

पुण्याहून

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशर काउंटीत लॅक्स्टन नावाचं एक गाव आहे. त्याच्यावर मराठीत सविस्तर लेख लिहायला घेतला आहे आणि शब्दांपाशी अडले आहे.

आधी गावाबद्दल थोडं. 18व्या आणि 19व्या शतकात ब्रिटिश संसदेने हजारो कायदे करून गावोगावच्या विखुरलेल्या पट्ट्या एकत्र केल्या, सामाईक चराई मोडीत काढली आणि ज्याच्या त्याच्या जमिनीला कुंपण घालून दिलं. लॅक्स्टनमध्ये हे काम अर्धवटच झालं. म्हणून तिथे अजून वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन अफाट शेतं आहेत. आत कुंपण नाही. प्रत्येक शेतात वेगवेगळ्या कुळांच्या पट्ट्या, आणि एका कुळाच्या पट्ट्या तिन्ही शेतांत पांगलेल्या. एका शेतात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरलेलं धान्य, तिसऱ्याला विश्रांती. पुढच्या वर्षी पाळी सरकते. 1635 साली मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने या गावाचा नकाशा काढला, एकेक पट्टी दाखवून. तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

आता प्रश्न. ‘कंट्रीसाइड’, ‘कॉमन’, ‘हेज’, ‘लेन’, ‘ओपन फील्ड’ यांना मराठीत काय म्हणावं? ‘रम्य ग्रामीण परिसर’, ‘हिरवीगार कुरणे’, ‘मुक्त शेते’ हे मला नको आहे. त्या शब्दांनी कुठल्याही देशातलं कुठलंही गाव डोळ्यांपुढे येतं, म्हणजे कुठलंच येत नाही. शेतकऱ्याच्या घरात बोलले जातात असे शब्द हवेत.

साताऱ्याहून

ताई, ‘कंट्रीसाइड’ला एकच शब्द शोधू नका. गावची कसलेली जमीन असेल तिथे ‘शिवार’. आजूबाजूची गावं धरायची असतील तर ‘पंचक्रोशी’. माणूस शहर सोडून तिकडे फिरायला गेला असेल तर ‘रानात’ किंवा ‘खेड्यापाड्यांकडे’ असं वाक्यच फिरवा. ‘शिवार’ मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात ‘शीव’ ऐकू येते. इंग्लंडमध्ये पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या शिवेवरून गावकऱ्यांनी मिळून चालायची आणि हद्दीच्या खुणांवर काठ्या आपटायची जुनी रीत आहे. शिवेवरच्या म्हसोबाला नारळ फोडणाऱ्या माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाही.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण लॅक्स्टनची घरं शेतात आहेत की गावात? गावात असतील तर ‘पांढरी आणि काळी’, म्हणजे घरांची जागा आणि कसायची जमीन, ही जोडी वापरून पाहा.

पुण्याहून

घरं सगळी गावातच आहेत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दाटीने. पुष्कळ घरांची रस्त्याकडे कडेची बाजू असते. कुंपणं घातली गेल्यावर इतर गावांतले शेतकरी पांढरी सोडून आपापल्या जमिनीत राहायला गेले. तुमच्याकडच्या मळ्यातल्या वस्त्या जशा, तसं. लॅक्स्टनला ती वेळ मोठ्या प्रमाणावर आली नाही. पण माती काळी नाही. तांबूस, चिकण आणि भारी आहे.

साताऱ्याहून

माती तांबडी असली तरी ‘काळी’ म्हणजे जमीन हा अर्थ राहतो. तरी लेखात एकदा खुलासा करा, नाहीतर वाचक काळ्या मातीचं गाव समजेल. घरामागच्या मोकळ्या जागेला तिकडे ‘टॉफ्ट’ की काय म्हणतात ना? त्याला ‘परडं’ लिहा. परसबाग नको, ती फुलझाडांची होते. परड्यात गोठा असतो, कडब्याची गंज असते, शेवगा असतो.

सावंतवाडीहून

हेज आणि लेन आमच्याकडे सोपवा.

‘कुंपण’ हा शब्द तारेलाही चालतो, म्हणून तो हेजला अपुरा पडतो. इंग्रजी हेज जिवंत असते: हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, हेझल यांची. तिची निगा राखायची पद्धत पाहण्यासारखी आहे. हिवाळ्यात खोड बुंध्याशी जवळजवळ पूर्ण छाटतात, फक्त सालीची आणि थोड्या लाकडाची पट्टी शाबूत ठेवतात, मग ते खोड तिरकं आडवं करून खुंट्यांमध्ये गुंफतात. खोड मरत नाही, बुंध्यातून नवे धुमारे फुटतात आणि खालची बाजू दाट होते. मेंढरू सुद्धा त्यातून जाणार नाही. कोकणात याला ‘वई’ म्हणतात. आमची वई बहुतेक वेळा काट्याकुट्यांची आणि दरवर्षी नव्याने घालायची, पण जिवंत झाडांची वईही असते. ‘जिवंत वई’ म्हटलंत की काम झालं. देशावरच्या वाचकाला शब्द नवा वाटेल, वाटू दे. एका वाक्यात कळतो.

यॉर्कशर किंवा कॉट्सवोल्ड्समध्ये चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती दिसतात, त्याला तर ‘गडगा’ हा नेमका शब्द. जांभ्याचा नसला म्हणून काय झालं.

आणि लेनला कृपा करून ‘गल्ली’ लिहू नका. दोन्ही बाजूंना उंच वई, मध्ये गाडी जाईल एवढीच वाट, शतकानुशतकांच्या वापराने आणि पावसाच्या पाण्याने खाली खचलेली. ही ‘पाणंद’ आहे. सरकारी योजनांमुळे पाणंद रस्ता हा शब्द आता महाराष्ट्रभर माहीत आहे. विदर्भात ‘पांदण’ म्हणतात.

नागपूरहून

बरोबर, पांदणच म्हणतो आम्ही. बांधालाही धुरा म्हणतो. पण मला बोलायचं आहे ‘कॉमन’वर, कारण तिथे गायरान लिहिलं तर ताईंच्या लेखाचा कणाच वाकेल.

गायरान म्हणजे सरकारच्या मालकीची, गावच्या गुरांना चरायला राखून ठेवलेली जमीन. इंग्लंडमधलं कॉमन बहुधा कुणाच्या तरी खासगी मालकीचं असतं. मालक एक, आणि त्या जमिनीवर ठरावीक गोष्टी करायचा हक्क दुसऱ्यांचा. हे हक्क एकसारखे नसतात, प्रत्येकाला वेगळं नाव आहे. गुरं चारायचा वेगळा, जळाऊ लाकूड आणि पालापाचोळा न्यायचा वेगळा, पीट, म्हणजे जाळायला वापरतात ती दलदलीतली माती, खणून न्यायचा वेगळा, मासे धरायचा वेगळा. दक्षिणेतल्या न्यू फॉरेस्टमध्ये अजून शरद ऋतूत डुकरं रानात सोडायचा हक्क चालतो. ओकची कच्ची फळं तट्टांना आणि गुरांना बाधतात, डुकरं ती खाऊन टाकतात. म्हणजे हक्कदाराचं डुकरू पोसतं आणि बाकीच्यांची जनावरंही वाचतात. तेव्हा ‘कॉमन’ ही जमिनीची जात नाही, ते हक्कांचं नाव आहे.

आमच्याकडे यासाठी जुना शब्द आहे: ‘निस्तार’. मालगुजारीच्या काळात गाव मालगुजाराचं, म्हणजे सारा भरणाऱ्या जमीनदाराचं, पण रानातून सरपण, इमारती लाकूड, गवत, मोहफुलं आणायचा आणि गुरं चारायचा गावकऱ्यांचा निस्तार. 1951 मध्ये मालगुजारी गेली तेव्हा रानं सरकारकडे आली आणि हे हक्क निस्तार पत्रकात लिहिले गेले. गावचे रिवाज वाजिब-उल-अर्जमध्ये. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही हे दोन्ही शब्द आहेत, त्यामुळे परके म्हणायचं कारण नाही. माझी सूचना अशी: जमिनीला ‘निस्ताराची जमीन’, हक्काला ‘निस्तार हक्क’, आणि हक्कदाराला सरळ ‘निस्तारी’. लॉर्ड ऑफ द मॅनरला, म्हणजे तिकडच्या गावाच्या जमीनदाराला, पाटील म्हणू नका. पाटील हा वतनदार अंमलदार. गावाचा धनी असलेला तो मालगुजार.

पुण्याहून

भाऊ, याने माझा लेख बदलला. कुंपणाच्या कायद्यांनी नेमकं काय नेलं हे आता मराठीत सांगता येईल. पाठ्यपुस्तकी भाषेत या घडामोडीला ‘कुंपण चळवळ’ म्हणतात. त्याने वाटतं की लोकांनी उठून कुंपणं घातली. खरं तर ज्याच्याकडे जमीन थोडी आणि निस्तार मोठा, त्याचा निस्तार गेला. बदल्यात मिळाला तर एखादा तुकडा, आणि त्याला कुंपण घालायचा खर्चही त्याच्याच माथी. गाय ठेवणारा मजूर नुसता मजूर झाला. ‘एकत्रीकरण’ म्हणावं तर आपल्याकडच्या 1947 च्या तुकडेबंदी कायद्याची आठवण होते, आणि त्यात फक्त पट्ट्या जोडण्याचा भाग येतो. मी ‘निस्तारबंदी आणि कुंपण’ असं दोन शब्दांत लिहायचं ठरवते आहे.

‘ओपन फील्ड’ला ‘बिनकुंपणी शेत’ चालेल ना?

बारामतीहून

चालेल. ‘मुक्त’पेक्षा शंभर पटीने चांगलं. मी भूमापन खात्यात नोकरी केली आहे, म्हणून मापांबद्दल लिहितो.

‘फर्लांग’ आपण रस्त्यासाठी वापरत आलो. आठ फर्लांगांचा मैल. जुनी माणसं अजून ‘दोन फर्लांगांवर’ म्हणतात. मुळात तो शेतातला शब्द आहे, नांगराच्या लांब तासाचा, म्हणजे सरीचा. बैल दम न घेता ओढतील एवढा तास, पुढे तो 220 यार्ड ठरला. त्याला 22 यार्डांच्या साखळीच्या रुंदीने गुणलं की 4,840 चौरस यार्ड, म्हणजे एक एकर. आपल्याकडच्या इंग्रजी अमदानीतल्या मोजणीने 33 फुटांची साखळी घेतली. तिचा चौरस म्हणजे गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. आज सातबारा उताऱ्यावर हेक्टर-आर असला तरी व्यवहार गुंठ्यातच होतो. त्या गुंठ्याच्या मागे इंग्लंडच्या चिकणमातीतला बैलांचा तास आहे, हे तुमच्या लेखात अवश्य यावं.

लॅक्स्टनमध्ये मात्र ‘फर्लाँग’चा अर्थ आणखी वेगळा: एकाच दिशेने नांगरलेल्या शेजारशेजारच्या पट्ट्यांचा गट. तिथे फर्लांग लिहिलंत तर वाचक अंतर समजेल. पेशवाईच्या कागदांत गावच्या जमिनीच्या अशा वाटण्यांना ‘थळ’ म्हणत. थळांची आणि ती कोण कसतो याची यादी म्हणजे ‘थळझाडा’. 1635 च्या त्या नकाशासोबत पट्टीवार नोंदवही आहे ना? तिला ‘थळझाडा’ हेच नाव द्या.

पुण्याहून

काका, आहे. नकाशाबरोबर नोंदवही आहेच. ‘थळझाडा’ घेतला.

नॉटिंगहॅमहून

मी इथेच राहतो आणि लॅक्स्टनला गेलो आहे, म्हणून पंचांबद्दल सांगतो. या गावाचं खरं वेगळेपण शेतांपेक्षा त्यांच्या कोर्ट लीटमध्ये, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदारी कोर्टात आहे. नोव्हेंबरच्या शेवटी कुळांमधले निवडलेले पंच नुकत्याच पेरलेल्या गव्हाच्या शेतात चालत जातात. कुणी आपली पट्टी सोडून रस्त्यात किंवा शेजारच्या गवतात नांगर घातला असेल तर तिथे खुंटी ठोकून हद्द पुन्हा दाखवतात. पुढच्या आठवड्यात कोर्ट भरतं आणि चूक करणाऱ्याला दंड होतो. 1977 च्या कायद्याने इंग्लंडमधल्या अशा जुन्या कोर्टांचा न्यायाचा अधिकार काढून घेतला, पण लॅक्स्टनचा राखला. जमिनीचे धनी मात्र बदलत गेले: 1952 मध्ये शेतकी मंत्रालय, 1981 मध्ये क्राउन इस्टेट (राजसत्तेच्या नावावरची मालमत्ता सांभाळणारी संस्था), आणि 2020 मध्ये शेजारच्या थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे पूर्वीच्या जमीनदारांच्या वारसांकडे. धनी कुणीही असो, कोर्ट भरत राहिलं.

याला ‘न्यायालय’ म्हटलं की काळे कोट आठवतात. ‘गोतसभा’ म्हणता येईल का?

आणि ‘बांध कोरणे’ हा वाक्प्रचार इथे द्यायचा मोह होतो, पण बांधच नाही. शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये नुसता एक तास.

नागपूरहून

गोतसभेत वतनाचे तंटे चालायचे, आणि मागे दिवाणाचा अंमल असायचा. इथे कुळं मिळून पिकाचे आणि हद्दीचे नियम पाळतात. ‘गावपंच’ म्हणा आणि दंडाचा अधिकार आहे हे वाक्यात सांगा. गोत ओढून आणू नये.

साताऱ्याहून

‘बांध कोरणे’ ठेवा हो! बांध नसला तरी आगळीक तीच आहे. कुणालाही लगेच कळेल. हवं तर ‘तास सरकवला’ म्हणा.

नॉटिंगहॅमहून

एक शब्द मात्र तंतोतंत जुळतो. भटकी गुरं कोंडायची गावची जागा, इथे ‘पिनफोल्ड’. दंड भरून जनावर सोडवायचं. तो ‘कोंडवाडा’च, जराही कमी-जास्त नाही.

शेतांच्या मधल्या ओलसर, नांगर न लागलेल्या गवतपट्ट्यांना इथे ‘साइक’ म्हणतात. पाण्याचा उतार असतो तिथे. अनेक रानफुलं तिथे टिकून आहेत, कारण त्या जमिनीला नांगर लागलेला नाही. दर उन्हाळ्यात त्या गवताचा लिलाव होतो. याला काय म्हणावं?

साताऱ्याहून

ओघळीकाठचं गवत. नुसतं ‘ओघळ’ लिहिलंत तरी खालचा उतार आणि ओल दोन्ही दिसतं. ‘कुरण’ नको, कुरण मोठं असतं.

पुण्याहून

घेतलं. आणि तिसरं शेत? ‘पडीक’ लिहिलं होतं.

साताऱ्याहून

पडीक म्हणजे सोडून दिलेलं. मालक मुंबईला गेला, बाभळी उगवल्या, तसलं. मुद्दाम विश्रांतीला ठेवलेली जमीन ‘पड’. ‘यंदा मिल फील्ड पड टाकलं’ असं लिहा. क्रियापदच सांगतं की हे ठरवून केलंय.

सावंतवाडीहून

एक राहिलं. कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात, ‘स्टाइल’, त्याच्यावर इथे चर्चा झाली नाही. आमच्याकडे आडव्या बांबूंचं ‘बेडं’ असतं, पण ते सरकवायचं, चढायचं नाही. गुरांना अडवणारं आणि माणसाला जाऊ देणारं हे साधन आहे, आणि तिथून जायचा हक्क वाटसरूला कायद्याने असतो. शेत खासगी असलं तरी. म्हणून वाटेला ‘पायवाट’ न म्हणता ‘वहिवाटीची वाट’ म्हणा, आणि पायऱ्यांना सरळ ‘वईवरच्या पायऱ्या’.