रिटर्न पाइपचं ते बारीक भोक
रात्री वीज गेली आणि सकाळी समुद्री माशांच्या टाकीचं खारं पाणी हॉलभर, हे तुमचं वाचलं. आमच्याकडेही सेम झालंय, फक्त आमच्यात चप्पलही तरंगत होती.

रिटर्न पाइपला (खालच्या संपमधून, म्हणजे फिल्टरच्या टाकीतून, पंपाने पाणी मुख्य टाकीत परत नेणारा पाइप) चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, बसवा असं वर सुचवलंय. बसवा, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. गोगलगायीचं एवढंसं पिल्लू अडकलं तरी झडप उघडीच राहते. पंप थांबला की रिटर्नचं तोंड जितकं बुडालेलं, तितकं पाणी सायफनने, म्हणजे पाइपमधून आपोआप उलटं ओढलं जाऊन, संपमध्ये उतरतं. चार बाय दीड फुटाच्या टाकीत नुसते दोन इंच म्हणजे 28 लिटर! म्हणून पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली पाइपला भोक पाडतात, हवा शिरली की सायफन तुटतो. माझ्या पाइपला होतं की भोक. पण गुलाबी कोरलाइनने (टणक थर धरणारं शेवाळ) ते चक्क लिंपून टाकलेलं.

आता वेव्हमेकर (टाकीत लाटा करणारा पंप) साफ करायला व्हिनेगरमध्ये बुडवतो त्याच दिवशी भोकात टूथपिक फिरवतो, आणि मुद्दाम स्विच बंद करून संप कुठवर भरतो ते बघतो. पंप चालू असताना पाणी जिथवर असलं तर बंद झाल्यावरही संप सांडत नाही, तिथे मार्करची रेघ आहे. टॉप-अप करताना (वाफ होऊन कमी झालेलं पाणी भरताना) बायकोसुद्धा ती ओलांडत नाही.