शिन्वाझ्रीला मराठीत काय म्हणायचं?

जळगावहून (प्रश्न):

नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षांपासून मी जुनी निळी-पांढरी क्रॉकरी जमवते. सुरुवात भुसावळच्या एका भंगारवाल्याकडे झाली. तो ज्या बशीत कोंबड्यांना पाणी ठेवायचा ती मी चाळीस रुपयांना मागून घेतली. आता लहानमोठे तेवीस नग झालेत. यंदा आखाजीला लेकी-जावई आले तेव्हा टेबलावर सगळं मांडलं. नणंदेनं विचारलं, याला म्हणतात काय? मी ऐटीत म्हटलं, "शिन्वाझ्री." सासूबाईंनी ऐकलं "शिणवणारी". धुताना शिणवते खरी.

तर तीन शब्द हवेत. शिन्वाझ्री, अँटिक आणि टेबल सेटिंग. पहिल्याला "चिनी भांडी" म्हटलं तर चालेल का? कोंबड्यांच्या बशीवर पूल आहे, पुलावर तीन माणसं, वर दोन पाखरं, बाजूला लोंबत्या फांद्यांचं झाड.

धुळ्याहून:

ताई, "चिनी" म्हणालात की घोळ सुरू. मराठीत हा एकच शब्द तीन कामं करतो. चिनीमाती हा पदार्थ झाला. चिनी माल म्हणजे चीनमध्ये झालेला. आणि चिनी नक्षी ही धाटणी. (बऱ्हाणपूरकडच्या दुकानात चिनी मागा, साखर मिळेल.) तुमच्या शिन्वाझ्रीची सगळी गंमत यात आहे की ती धाटणी चिनी, पण हात युरोपियन.

मूळ वस्तू चीनची, ती तिथल्या जिंगदेजेन शहरातल्या भट्ट्यांतली. तिथल्या काओलिंग नावाच्या डोंगराच्या नावावरूनच पांढऱ्या मातीला काओलिन म्हणतात. या मातीत एका दगडाची पूड मिसळून 1,300 अंशांच्या आसपास भाजली की ती काचेसारखी घट्ट होते आणि उजेड आरपार जातो, तेच पोर्सेलिन. युरोपला शेकडो वर्षं हे जमलं नाही. हॉलंडातल्या डेल्फ्टच्या कुंभारांनी साध्या मातीवर कथलाचा पांढरा लेप देऊन निळी चित्रं काढली, म्हणजे वरून तशी, आतून आपल्या माठासारखी. सोनं करायला बसवलेल्या ब्योटगर नावाच्या किमयागाराला जर्मनीतल्या सॅक्सनीत 1708 च्या सुमारास खरी रीत सापडली आणि 1710 मध्ये माइसेनचा कारखाना उभा राहिला. तिथून पुढे चीन कधी न पाहिलेले चित्रकार पॅगोडे, छत्रीवाले म्हातारे आणि लांब शेपटीचे पक्षी रंगवत बसले. फ्रेंचांनी त्या सगळ्या हौसेला शिन्वाझ्री नाव दिलं.

तुमच्या पुलाच्या बशीला इंग्रज विलो म्हणतात. लोंबतं झाड म्हणजे विलो. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात हा नमुना ठरला. पळून गेलेले प्रेमी, पाठीमागे बाप, मग दोघांची पाखरं झाली, ही "प्राचीन चिनी दंतकथा"सुद्धा इंग्लंडातच रचलेली. भांडी खपावीत म्हणून!

आता शब्द. मी "चिनी धाटणीचं" सुचवतो. पण खरं सांगू, लोकांनी हा फरक आधीच केलाय, आपलं लक्ष नाही. बसस्टँडजवळच्या गाडीवर आपण "चायनीज" खातो, "चिनी" नाही. ते मंचुरियन चीनमधल्या माणसाला ओळखू येणार नाही. ते आपण, आपल्या जिभेला हवं तसं, चीनच्या नावावर केलंय. शिन्वाझ्री म्हणजे बश्यांमधलं मंचुरियन. चिनी ते चीनचं, चायनीज ते चीनच्या नावाचं. मग "चायनीज नक्षी" म्हणायला काय हरकत आहे?

अमळनेरहून:

सर, मंचुरियन पटलं. पण आमच्या घरात ना चिनी, ना चायनीज. आजी सगळ्याला "काच" म्हणायची. "काचनी बशी हळू ठेव, फुटी जाई." स्टील, पितळ, लाकूड नाही, पडलं की फुटतं, म्हणजे काच. लोणच्याची पिवळी-पांढरी बरणीही काचेचीच, दह्याचा सटही. फक्त बरणीच्या तोंडाला बांधायच्या फडक्याला दादरा हा वेगळा शब्द होता, तो आता कुणाला माहीत नाही. शेजारच्या खाला बरणीला मर्तबान म्हणतात. तो शब्द ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदराचा, तिथून मोठाल्या बरण्या जहाजांनी यायच्या.

मातीचं जे फुटत नाही ते आमच्याकडे एकच, खापर. पुरणाचे मांडे त्याच्यावर. म्हणजे फुटतं तेही, पण फुटल्यावर त्याचं खापर कुणावर तरी फोडता येतं, बशीचं तसं नाही.

धुळ्याहून:

जहांगिराच्या दरबारात फोडता आलं होतं. तिथे आलेला इंग्रज व्यापारी विल्यम हॉकिन्स लिहून गेलाय की बादशहाची आवडती चिनी बशी फुटली तेव्हा ती सांभाळणाऱ्याला फटके बसले आणि तशीच दुसरी शोधायला त्याला चीनला धाडलं. फारसीत या भांड्यांना फगफुरी म्हणत. फगफूर ही चीनच्या बादशहाची फारसी पदवी. आणि पोर्सेलिन हा शब्द इटालियन पोर्चेलाना, म्हणजे कवडी, यावरून. पृष्ठभाग कवडीसारखा गुळगुळीत म्हणून. लाखमोलाच्या भांड्याचं नाव कवडीवरून पडावं!

भुसावळहून:

ताई, मी जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री करतो, म्हणून दुसऱ्या शब्दावर बोलतो. "अँटिक" आमच्या धंद्यात फार सैल झालाय. गिऱ्हाईक आजोबांचा रेडिओ आणतं आणि अँटिक म्हणतं. घरात तर विक्षिप्त माणसालाच अँटिक पीस म्हणतात. कायद्याला मात्र आकडा आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात कलाकुसरीची वस्तू किमान 100 वर्षांची लागते. त्याच्या आतली ती जुनी, बस. मला स्वतःला "जुनी" हाच शब्द प्रामाणिक वाटतो.

बशी पालथी करा. मागे देशाचं नाव इंग्रजीत छापलेलं असेल तर ती बहुधा 1891 नंतरची, कारण अमेरिकेच्या 1890 च्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. चिनी अक्षरांत बादशहाचं नाव असेल तर लगेच हुरळू नका, जुन्या बादशहांची नावं नंतरच्या मालावरही सर्रास घालत. मग मोबाइलची टॉर्च लावून मागे बोटं धरा. सावली दिसली तर पोर्सेलिन, नाहीतर साधी माती. विलोच्या काठावर नक्षी कुठेतरी नीट जुळलेली नसते, चौकट चौकटीला चुकते. ती कागदावरून उतरवलेल्या छापाची खूण. हाताने काढलेल्यात असा सांधा नसतो.

आणि एक विनंती. त्यात शेवभाजी वाढू नका. जुन्या झिलईवर केसासारख्या चिरा असतात, तर्री त्यात शिरली की पिवळा डाग जन्माचा. झिलईवरून दिलेले रंग नखाला उंच लागतात, त्यात शिसं असू शकतं. आमरस, लोणचं, कढी असलं आंबट त्यात नको.

जळगावहून:

अरे देवा, आखाजीला रसच वाढला होता! बरं, तो खोल वाडग्यात होता आणि ते वाडगे नवे, तेव्हा वाचलो. आता जुनी बशी खाली, तिच्यावर काचेची वाटी, असं करते. एकावर एक ठेवताना मध्ये जुन्या लुगड्याचे गोल तुकडे घालते.

टेबल सेटिंगचं कुणी बोललंच नाही.

अमळनेरहून:

त्याला शब्द आहे की ताई. "पानं घ्या." केळीचं पान गेलं, ताट आलं, ताट जाऊन टेबल आलं, तरी माय स्वयंपाकघरातून "पानं घ्या" म्हणते. मीठ मधोमध वर, डावीकडे चटणी-लिंबू, उजवीकडे भाजी. काटे-चमच्यांच्या जागा ठरवणाऱ्यांनी वेगळं काय केलंय?

धुळ्याहून:

"पानं मांडणं" म्हणा. घेणं घाईचं, मांडणं हौसेचं.

जळगावहून:

मांडणं घेतलं. शेवटचं विचारते. त्या कोंबड्यांच्या बशीला मागून पितळेचे तीन बारीक कोयंडे मारलेत, तडा सांधायला. पुढून दिसतही नाहीत. याला काय म्हणतात?

भुसावळहून:

टाके. पूर्वी बशी फेकत नसत, टाके घालून घेत. ताई, ती विकायची असेल तर आधी मला सांगा.

जळगावहून:

नाही विकायची. कोंबड्या शेजारी आहेत अजून, पाणी प्यायला येतात.