आवाजांचं प्रदर्शन: साडेतीन वर्षांच्या मुलीला न्यायचं का?

रिकामटेकडी:

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. मुलांसाठी आणि घरच्या सगळ्यांसाठी म्हणून एक ध्वनिकलेचं प्रदर्शन लागलंय, चित्रं-बित्रं काही नाही, सगळा मामला आवाजाचा, आणि म्हणे प्रत्येक वस्तूला हात लावायचा, वाजवायचं, ओढायचं, त्यावर उड्यासुद्धा मारायच्या. मोठा आठ वर्षांचा आहे, त्याची काळजी नाही, म्हणजे आहे पण ती त्या वस्तूंची आहे. खरा प्रश्न धाकटीचा. साडेतीन वर्षांची आहे आणि आवाजाला प्रचंड घाबरते. मिक्सर लावला की आतल्या खोलीत धूम, फुगा फुटला की अर्धा तास मांडीवरून उतरत नाही, आणि ते हात वाळवायचं मशीन असतं ना भिंतीवरचं, त्याच्या भीतीने बाहेर कुठे बाथरूमलाच जात नाही. वर सोबत सासूबाई येणार, त्यांना श्रवणयंत्र आहे. तर न्यावं का सगळ्यांना? की नवरा आणि मुलगा जाऊ देत आणि आम्ही तिघी घरी? कोणी अशा ठिकाणी मुलांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा, नुसतं "जा जा छान असतं" नको.

काठावरचा:

मी अशाच एका प्रदर्शनात सुट्टीत मदतनीस म्हणून उभा राहिलोय, म्हणजे दिवसभर "बाळा, हळू" म्हणायचं काम. त्यावरून सांगतो.

घाबरणारी मुलं वस्तूंच्या आवाजाला फार घाबरत नाहीत, ती घाबरतात एका खोलीत वीस पोरं एकदम वाजवायला लागतात त्याला. म्हणून दार उघडताना जा, पहिला अर्धा-पाऊण तास तुमचा. दुपारनंतर आत जे काय चालतं त्याला मी तरी कला म्हणणार नाही.

दुसरं म्हणजे आवाज दुसऱ्याने काढला की भीती, स्वतः काढला की मजा. मिक्सरचं बटण तिच्या हातात नसतं म्हणून ती पळते. मी बघितलंय, भावाने ढोलकं बडवलं की आईच्या मागे लपणारी पोरगी, भाऊ पुढे गेल्यावर हळूच येऊन त्याच ढोलक्यावर दणादण. त्यामुळे तिला ओढत नेऊ नका, दाराशी उभी राहून बघू दे, पाच मिनिटं लागली तर लागू देत.

तिथे थेरेमिन असेल तर तिला तिथे नक्की न्या. १९२० च्या सुमाराला लेऑन थेरेमिन नावाच्या रशियन माणसाने काढलेलं वाद्य, हात न लावता वाजतं. एक उभी दांडी असते आणि बाजूला एक आडवं कडं. दांडीजवळ हात नेला की स्वर चढतो, कड्याजवळ नेला की आवाज बारीक होत होत बंद. आत विजेची कंपनं चालू असतात आणि आपला हात जवळ आला की ती बदलतात, एवढंच. मोठी माणसं आधी पाटी वाचतात, मग इकडेतिकडे बघत एक बोट पुढे करतात. मुलं सरळ अंगावर धावून जातात आणि ते किंचाळतं.

बारक्याची_आई:

वरच्या प्रतिसादाला +१, विशेषतः सकाळी जाण्याबद्दल.

आमचा किस्सा. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा, सगळीकडे मस्त खेळला आणि मग एका खोलीच्या दारातच कानावर हात ठेवून उभा राहिला, आत जाईचना. बरं त्या खोलीत आवाजच नव्हता! जुने डबा टीव्ही एकावर एक रचलेले, पडद्यावर नुसत्या हलणाऱ्या रेघा, आवाज बंद. मी म्हटलं अरे काही नाहीये, चल, तर म्हणे "शिट्टी वाजतेय". मला वाटलं नाटकं. दोनदा हात धरून ओढला, तिसऱ्यांदा रडला, मग तिथे उभी असलेली कॉलेजमधली मुलगी म्हणाली की मलाही बारीक ऐकू येते. त्या जुन्या टीव्हीत सेकंदाला २५ चित्रं आणि प्रत्येकाच्या ६२५ ओळी, गुणाकार करा, १५,६२५. तेवढ्या कंपनांची शिट्टी टीव्ही चालू असेपर्यंत वाजत असते, लहान मुलांना ती स्पष्ट ऐकू येते आणि वय वाढेल तसा आपल्या कानाचा वरचा भाग बंद पडत जातो. म्हणजे खोलीत गोंगाट होता आणि मी बहिरी होते, आणि रागावत होते त्याच्यावर. अजून आठवलं की कसंतरी होतं. तेव्हा लेक म्हणाली आवाज येतोय तर येतोय, वाद घालू नका.

आवाज कमी करणारे हेडफोन असतील तर घेऊन जा, पण पहिल्यापासून कानावर चढवू नका, गळ्यात असू देत, लागले की तिची तीच घालेल. स्पंजचे छोटे बोळे मात्र नकोत, या वयात ते कानाऐवजी तोंडात जातात.

स्पष्टवक्ता:

कुणाला राग येईल पण विचारतो. आवाज करायला तिकीट काढून जायचं? घरी डबे, झाकणं आणि एक पळी द्या, झालं इंटरॅक्टिव्ह प्रदर्शन. यात कला कुठे आली? हल्ली कशालाही कला म्हणतात.

चिमटा:

@स्पष्टवक्ता, डबे-झाकणं द्याच, ती कोण नको म्हणतंय. पण काचेच्या दांड्यांवर ओली बोटं फिरवली की अख्खी खोली गुणगुणायला लागते, असलं वाद्य तुमच्याकडे घरी आहे का? बाशे नावाच्या दोघा फ्रेंच भावांनी १९५२ मध्ये केलं ते, काच, धातूचे पत्रे आणि पाणी, वीज नाहीच, आणि त्यातल्या बर्नार यांनी पुढे मुलांनी वाजवायची म्हणून वाद्यंही केली. किंवा जॅनेट कार्डिफ या कलावंत बाईंचं २००१ चं काम घ्या, ४० स्पीकर लंबवर्तुळात उभे आणि प्रत्येकातून एकेका गायकाचा वेगळा आवाज. मधोमध उभं राहिलं की गाणं, एका स्पीकरला कान लावला की एकटा माणूस, श्वास घेताना ऐकू येतो. घरच्या दोन स्पीकरवर ही गंमत होत नाही, तिथे पाय वापरावे लागतात.

तुमचं एक मात्र खरंय, या नावाखाली भंगारही खूप असतं. माझी कसोटी सोपी आहे, बटण दाबल्यावर दर वेळी तेच रेकॉर्डिंग वाजत असेल तर पोरगं तिसऱ्यांदा दाबत नाही. जोरात मारलं तर वेगळं, हळू मारलं तर वेगळं, दोघांनी मिळून मारलं तर तिसरंच, असं असेल तर तिथून हलवावं लागतं त्याला.

@रिकामटेकडी ताई, सासूबाईंना जरूर न्या. फक्त जिथे हेडफोन लावून ऐकायचंय तिथे श्रवणयंत्रावर हेडफोन दाबला गेला की यंत्र शीळ घालतं, ते बिघडलेलं नसतं. मोठे, कानापासून जरा लांब राहणारे हेडफोन मागून बघा. आणि थरथरणारा बाक किंवा लाकडी फरशी असेल तर त्यांना आधी तिथे बसवा, खालचे जाड आवाज हाडांतून कळतात. (हातात फुगा धरूनही कळतात, पण तुमच्याकडे फुगा नको!)

काठावरचा:

एक राहिलं. आवाज किती मोठा चालेल हे कुणीतरी विचारेलच. जागतिक आरोग्य संघटनेचा मुलांसाठीचा हिशोब आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल असा आहे आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९० ला सव्वा तासात आठवड्याचा कोटा संपला. फोनवरचं अ‍ॅप अंदाजापुरतं ठीक. सोपी खूण म्हणजे हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर बाहेर या.

रिकामटेकडी:

जाऊन आलो! सगळ्यांचे आभार, सविस्तर लिहायचं होतं पण दोघं आत्ता झोपलीयेत तेवढ्यात लिहिते.

दार उघडताना पोचलो, पहिली वीस मिनिटं ही बाई माझ्या कमरेला. हेडफोन गळ्यात, मग कानावर, मग आजीच्या डोक्यावर. मुलाने वाळू पसरलेली धातूची पाटी धरली, पाटीच्या कडेला व्हायोलिनसारखा गज घासला की वाळू पळापळ करते आणि पाटी जिथे हलत नाही तिथे जाऊन रेघा होऊन बसते. खाली लिहिलं होतं की क्लाद्नी नावाच्या माणसाने १७८७ मध्ये ही चित्रं छापली होती. आमच्या चिरंजीवांनी पाटीवर फुंकर मारली, वाळू माझ्या साडीवर. सासूबाई थरथरत्या बाकावरून उठायला तयार नाहीत, म्हणे पाय दुखायचे थांबले.

आणि थेरेमिन होतं. दादा उभ्या दांडीपाशी हात नाचवत कोकलायला लावत होता, ही लांबून बघत होती, मग चालत आली, त्या कड्यावर तळहात धरला आणि सगळं गप्प. हात काढला, दादा वाजला. हात धरला, दादा गप्प. असं किती वेळ चाललं विचारू नका, मागे रांग लागली होती. घरी आल्यापासून मिक्सरसमोर उभी राहून तळहात दाखवतेय.