मराठी शब्दयादी टर्मिनलवरून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) क्रमाने लावताना ‘ळ’ आणि ‘क्ष’ चुकीच्या जागी जातात

मालवणी_वही:
बाबांनी तीन वह्यांत मालवणी शब्द उतरवलेत. मी ते एका साध्या मजकूर फाइलमध्ये टाइप केले, ओळीला एक शब्द, एकूण ४३१२. उबुंटूवर (लिनक्सवर) पर्ल या प्रोग्रामिंग भाषेच्या एका ओळीने, नुसत्या सॉर्टने (क्रम लावणाऱ्या आज्ञेने), यादी लावली. तर ‘माळो’ आला ‘मासो’च्या आधी, आणि ‘क्षेत्रपाळ’ जाऊन बसला ‘कौल’ आणि ‘खळां’ यांच्या मधे. बाबांना वर्णमालेचा क्रम हवाय: ह, ळ, क्ष, ज्ञ. मला प्रोग्रामिंग येत नाही, एका ओळीत होईल तेवढंच झेपेल. पायथन या दुसऱ्या भाषेचं सॉर्टेड वापरलं तरी तेच.

तळटीप:
पर्ल आणि पायथन दोघंही अक्षराचा युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेला क्रमांक, बघतात. ल ०९३२, ळ ०९३३, आणि व, श, ष, स, ह त्यानंतर. म्हणून ‘ळ’ ‘स’च्या आधी. ‘क्ष’ला तर स्वतःचा क्रमांकच नाही, तो क, हलन्त आणि ष असा साठवला जातो, म्हणून ‘क’मध्ये राहतो.

जुना_पर्लवाला:
ताई, पर्लमध्येच याचं मॉड्यूल (तयार कोडचा संच) आहे, युनिकोड::कोलेट::लोकेल. त्याला मराठीचा क्रम माहीत आहे. वजा कॅपिटल एम, त्याला चिकटून मॉड्यूलचं नाव. मग वजा ई आणि अवतरणात कोड: मॉड्यूलच्या न्यूला लोकेल (भाषा) म्हणून एमआर, म्हणजे मराठी, द्या, त्याच्या सॉर्टला फाइलच्या सगळ्या ओळी द्या, आलेलं प्रिंट करा. बाहेर एकेरी अवतरण, आत एमआरला दुहेरी. निकाल नव्या फाइलमध्ये वळवा, मूळ फाइलवर कधीच नाही. त्याच फाइलवर वळवलंत तर पर्ल वाचायला लागण्याआधीच शेल (टर्मिनलमध्ये आज्ञा चालवणारा प्रोग्राम) ती रिकामी करतं.

मालवणी_वही:
केलं. अक्षरं नीट दिसतायत, पण क्रम आधीपेक्षा विस्कटलाय. आणि शेवटचा शब्द मधेच दुसऱ्या शब्दाला चिकटलाय.

जुना_पर्लवाला:
पहिली चूक माझी, सांगायचं राहिलं. पर्लच्या नावानंतर लगेच वजा सीएसडी लावा, तिन्ही कॅपिटल. त्याशिवाय पर्ल ओळी यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) म्हणून वाचत नाही. देवनागरीचं एक अक्षर त्याला तीन सुटे बाइट दिसतात आणि तो त्या बाइटांचा क्रम लावत बसतो. छापताना तेच बाइट जसेच्या तसे बाहेर पडतात, म्हणून वाचायला सगळं ठीक. चिकटलेल्या शब्दाचं कारण वेगळं: तुमच्या फाइलच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर नाही. तो दाबून सेव्ह करा.

तळटीप:
दुहेरी नोंदीही बघून घ्या. ‘पऱ्या’मधला ‘ऱ’ एकाच क्रमांकाने येतो, किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब) असा. डोळ्यांना सारखेच, संगणकाला दोन शब्द. युनिकोड::नॉर्मलाइझ मॉड्यूल घ्या आणि वजा पी ई ने प्रत्येक ओळीवर एनएफसी (सुटे तुकडे जोडून एक अक्षर करणारी क्रिया) चालवा, सीएसडी इथेही हवंच. जुन्या कीबोर्डवरून टाइप केलं असेल तर तिसरी तऱ्हाही सापडेल: र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह, क्रमांक २००डी. ते एनएफसीने जुळत नाही, ‘ऱ’ आणि हलन्त असं वेगळं बदलावं लागतं. हे सगळं क्रम लावण्याआधी करा.

मालवणी_वही:
जमलं! आधी एनएफसी, मग ते जोडचिन्ह, मग क्रम, मग युनिक (दुहेरी ओळी काढणारी आज्ञा). १७ शब्द दुहेरी निघाले. त्यातले बरेचसे मीच दोन वेगळ्या फोनवरून टाइप केलेले. ‘मासो’ आधी, ‘माळो’ नंतर, आणि ‘क्षेत्रपाळ’ पार शेवटी, ‘ह’च्याही पुढे. प्रिंट बाबांच्या हातात दिली, तर त्यांनी पेन मागितलं आणि समासात नऊ शब्द नवे लिहिले. ते टाइप करून याच ओळी पुन्हा चालवते. दोघांचेही खूप आभार.