प्रतिसाद: सही म्हणजे संमती नव्हे

वर एकांनी लिहिलंय की संमतीपत्रावर सही घेतली की डॉक्टर मोकळा, मग वैद्यकीय विद्यार्थ्यांना वेगळं काय शिकवायचं? हे मुळीच पटत नाही. समीरा कोहली खटला (2008) वर्गात जरूर घ्या. दुर्बिणीने तपासणी करण्याची संमती होती; रुग्ण भुलीखाली असताना आईला विचारून गर्भाशय आणि बीजकोष काढले. जिवाला तातडीचा धोका नव्हता, रुग्ण सज्ञान होती. सर्वोच्च न्यायालयाने आईची संमती ग्राह्य धरली नाही.

शिकवताना तिघांचा गट करा: डॉक्टर, रुग्ण, निरीक्षक. निरीक्षकाने एवढंच टिपायचं: आजार, उपाय, फायदा, धोके, पर्याय, काहीच न केल्यास काय होईल. बहुतेकदा शेवटचे दोनच निसटतात. मग 'समजलं?' असं विचारू नये. त्याला मान डोलतेच. रुग्णाला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा.

बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पेडण्या-काणकोणहून आलेला माणूस कोंकणी बोलतो, शिकाऊ डॉक्टर हिंदी, आणि फॉर्म इंग्रजी. दुभाषा म्हणून मुलाला उभं केलं तर तो 'कॅन्सर' हा शब्दच गाळतो, प्रेमापोटी. म्हणून कोंकणी जाणणारी नर्स बोलवा, तिचं नाव केसपेपरवर लिहा.

आणि वेळ! गुंगीचं इंजेक्शन दिल्यावर ट्रॉलीवर घेतलेल्या सहीला अर्थ नाही. आदल्या संध्याकाळी बसून बोला. 2019 पासून एमबीबीएसला एटकॉम (वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा अभ्यासक्रम) आहे, पण ते व्याख्यानात उरकलं तर हे हातात कसं बसणार?