बदलांपूर्वी रेपॉझिटरीची (कोडच्या साठ्याची) आपोआप तपासणी कशी करावी?

प्रश्न: एका जुन्या संकेतस्थळाचा कोड नुकताच माझ्याकडे आला असून, पहिल्याच दिवशी ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही पॅकेजेस (तयार कोडचे संच) बसवणारी आज्ञा चालवल्याने, त्यांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या लॉक फाइलच्या शेकडो ओळी बदलल्या. कोडला हात लावण्यापूर्वी तपासणी करणारी स्क्रिप्ट लिहायची आहे; सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: आधी ‘गिट स्टेटस’ स्वच्छ आहे ना, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये नोंद न झालेले बदल शिल्लक नाहीत ना, ते पाहावे आणि नंतर ‘एनपीएम सीआय’ वापरावे, ती आज्ञा लॉक फाइलला धक्का लावत नाही, उलट ती फाइल पॅकेज फाइलशी (लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीशी) जुळत नसेल तर तिथेच थांबते. त्यानंतर ईएसलिंट (कोडमधील चुका दाखवणारे साधन), चाचण्या आणि बिल्ड (कोडपासून संकेतस्थळ तयार करणे) यांचा निकाल जपून ठेवावा, म्हणजे जुने दोष आपल्या माथी येत नाहीत. (हे मी ठेच लागल्यावरच शिकलो.)

उत्तर २: कोड अनोळखी असेल, तर ‘इग्नोअर स्क्रिप्ट्स’ हा पर्यायही जोडावा, कारण पॅकेजच्या पोस्टइन्स्टॉल (बसवल्यानंतर आपोआप चालणाऱ्या) स्क्रिप्ट आपल्या संगणकावर मुकाट्याने चालू शकतात. तपासणीत कोडमध्ये राहून गेलेले पासवर्डही शोधावेत; ते मात्र केवळ चालू फाइलींत शोधून भागत नाही. एकदा कमिट झालेली (गिटमध्ये नोंदवलेली) ‘एन्व्ह’ फाइल, जिच्यात अनेकदा पासवर्ड असतात, पुसली तरी गिटच्या इतिहासात तशीच राहते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. ही स्क्रिप्ट प्री-कमिट हुकमध्ये (प्रत्येक कमिटपूर्वी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) ठेवली तर चालेल का?

उत्तर १: चालेल, परंतु गिटचे हुक क्लोनबरोबर (रेपॉझिटरीची प्रत घेताना) येत नाहीत आणि ‘नो व्हेरिफाय’ लिहून ते टाळताही येतात, म्हणून तीच स्क्रिप्ट गिटहब अ‍ॅक्शन्समध्येही (गिटहबच्या सर्व्हरवर तपासण्या आपोआप चालवणाऱ्या सेवेत) लावावी.