अलेक्झांड्राइटची पारख कशी करावी? मदत हवी आहे

मंडळी, बहिणीचा वाढदिवस जूनमधला. मोती तिच्याकडे ढिगाने आहेत, म्हणून जूनचाच दुसरा जन्मखडा (बर्थस्टोन), अलेक्झांड्राइट, अंगठीत बसवायचं मनात आहे.

ओळखीच्या सराफांनी एक दाखवला. चांगला मोठा, आतून काचेसारखा स्वच्छ, आणि भाव ऐकून मलाच शंका आली, इतका कमी! दुकानाबाहेर उन्हात धरला तर निळसर-राखाडी, आत पिवळ्या बल्बखाली जांभळा.

वाचलंय ते असं: १८३०च्या दशकात रशियात उरल पर्वतात सापडलेला हा खडा उन्हात हिरवा आणि बल्बखाली लालसर दिसतो, क्रोमियममुळे. निळ्याचे जांभळे होणारे बरेचसे खडे म्हणजे व्हॅनेडियम हा धातू घातलेला कृत्रिम कोरंडम (माणिक-नीलम ज्या खनिजाचे असतात ते). मग मला दाखवलेला तोच का? सराफ तर 'ओरिजिनल'वर अडून बसलेत.

कुणी मुंबई-पुण्यात असा खडा लॅबमधून तपासून घेतलाय का? खर्च किती, दिवस किती लागतात? नैसर्गिक की प्रयोगशाळेत वाढवलेला, हे सर्टिफिकेटवर स्पष्ट लिहून देतात ना? आपल्याकडे आंध्र-ओडिशातही सापडतो म्हणे. तिकडचा कुणी घेतला असेल तर रंग कितपत बदलतो तेही सांगा. सुट्या खड्याचीच तपासणी करावी की अंगठीत बसवल्यावरही चालते?